न गिळलेला घोट

चॉकलेटकाकूंनी आयुष्यभर चॉकलेट चाखलं, खाल्लं मात्र फारसं नाही. हे ऐकून नवीन माणूस हसायचा. मग काकू त्याला समजावून सांगायच्या, "चाखणं हे जिभेचं काम, खाणं पोटाचं. बेकरीत दिवसभर चाखलेलं सगळं पोटात जाऊ दिलं असतं, तर या दारातून मी आत आले असते का?" असं म्हणून त्या दाराकडे बघायच्या, मग स्वतःकडे बघायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या, कारण ते दार त्यांना आताही जरा बेताचंच पडत होतं.

लग्नाआधीच त्या एका मोठ्या बेकरीत कामाला लागल्या होत्या. सुरुवातीला ट्रे धुवायच्या, मग अंडी फोडायच्या, आणि एक दिवस चॉकलेटच्या ओट्यावरची बाई काम सोडून गेली म्हणून काकूंना तिथे उभं केलं, ते कायमचंच. तिथले मुख्य कारागीर फार कमी बोलायचे. त्यांनी काकूंना दोनच गोष्टी शिकवल्या. वितळलेलं चॉकलेट संगमरवरी ओट्यावर पसरायचं, चपट्या पात्याने गोळा करायचं, पुन्हा पसरायचं, आणि ते पुरेसं निवलं की नाही हे खालच्या ओठाला टेकवून बघायचं. ही पहिली. दुसरी, चव घेतली की थुंकायची. त्यासाठी प्रत्येकाचा एक एनॅमलचा मग ओट्याखाली ठेवलेला असे. जिभेवर फिरवायचं, मगात टाकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुढचं चाखायचं. "गिळत राहिलीस तर दुपारपर्यंत जीभ झोपेल," कारागीर म्हणाले होते. काकूंची जीभ पुढे कित्येक वर्षं झोपली नाही. काका गेले त्या आठवड्यातही नाही. तेव्हा तर ती जीभच काय ती जागी होती, बाकी सगळ्या काकू कुठेतरी हरवल्या होत्या.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. ओट्यापाशी उभं राहवेना, तेव्हा बेकरीने फुलं दिली, भाषणं केली आणि निरोप दिला. काकू आपला मग पिशवीत घालून लेकीकडे राहायला आल्या.

लेकीचं नाव काहीही असो, काकू तिला चिमीच म्हणत. चिमीचा नवरा क्राफ्ट बिअर करायचा. घराच्या खालच्या मजल्यावर पूर्वी मोटारींचं गॅरेज होतं. तिथे आता स्टीलच्या उंच टाक्या होत्या, सदा ओली फरशी होती आणि भिंतीवर वेटोळं करून टांगलेला पाण्याचा पाइप होता. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मध्ये लोखंडी जिना; कोणी मांजराच्या पावलांनी उतरलं तरी अख्ख्या घराला कळावं असा. सकाळी खाली माल्ट शिजायला लागला की वर भाजक्या धान्याचा गोडसर, ऊबदार वास भरून राही आणि काकूंना जाग यायच्या आधीच त्यांच्या नाकाला जाग येई.

वास त्यांना आवडायचा, बिअर नाही. लेकीच्या लग्नाच्या पार्टीत त्यांनी एकदा घोटभर घेतली होती. "भिजलेल्या पोत्याचं पाणी," असं त्यांनी भर टेबलावर जाहीर केलं होतं. ती बिअर नवरदेवानेच केलेली होती. पण माणूस दिलदार. तेव्हापासून प्रत्येक नव्या बिअरच्या वेळी तो जिन्यातून ओरडायचा, "आई, नवीन पोतं भिजत घातलंय बरं का!"

घरात कामाची वाटणी अशी होती: त्याने बनवायची, चिमीने विकायची. चिमीने त्यासाठी आपली चांगली नोकरी सोडली होती. तिचा एक नियम होता. बिअर पूर्ण तयार होईपर्यंत ती थेंबही चाखायची नाही. "मी तुझं पहिलं गिऱ्हाईक," ती नवऱ्याला सांगे. "गिऱ्हाईक कच्चं काही खात नाही. झाली की हाक मार."

त्या थंडीत जावयाला जोराचा ताप आला. ताप उतरला, माणूस उठून कामाला लागला, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं घरातल्यांना वाटलं. फक्त जिन्यातलं ओरडणं बंद झालं होतं. काकूंच्या ते लक्षात आलं होतं, पण अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

एका दुपारी चिमी बाहेर गेलेली होती. काकू वर मटार सोलत बसल्या होत्या. खालून वास आला. चॉकलेट जळण्याचा वास त्यांनी झोपेतही ओळखला असता: आधी खमंग, मग क्षणभर फारच सुंदर, आणि लगेच सगळं संपलेलं. त्या वेळी ते क्षणभराचं सुंदरपण सरत आलं होतं. काकू गुडघ्यांना न विचारता जिना उतरल्या.

"जावईबापू! अहो, जळतंय!"

जावई भट्टीकडे पाठ करून पाइप धूत होता. भट्टीच्या दाराच्या फटीतून धूर येऊन त्याच्या मानेपाशी रेंगाळत होता.

"काय जळतंय?"

"कोको जळतोय, आणखी काय!"

"छे हो आई. अजून वास कुठे सुटलाय त्याचा?"

काकूंनी भट्टी बंद केली आणि ट्रे बाहेर ओढला. कोकोच्या बियांचा कोळसा झाला होता. खोलीत डोळे चुरचुरावेत इतका धूर होता आणि जावई मात्र स्वच्छ हवेत उभा असल्यासारखा बघत होता. काकूंना एकदम काहीतरी उमगलं.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

"आई, मी खरंच..."

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. काकूंनी इकडेतिकडे बघून फरशी पुसायच्या फिनेलची बाटली उचलली, बूच काढलं आणि त्याच्या नाकाखाली धरली.

"काय आहे?"

तो बराच वेळ हुंगत राहिला. मग परीक्षेत अडकलेल्या पोरासारखा म्हणाला, "हॉप्स? बिअरला कडू करणारी फुलं?"

काकूंनी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने डोळे उघडून ती पाहिली आणि तो तिथेच उलट्या क्रेटवर बसला.

"तापापासून?"

त्याने मान हलवली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. कधी, ते सांगता येत नाही म्हणतात." त्याने बाटलीचं बूच घट्ट लावलं. "आई, काही म्हणजे काही उरलेलं नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. साबण म्हणजे नुसता बुळबुळीतपणा. चिमी शेजारी येऊन बसते ना, तर तिच्या केसांना..." इथे त्याला आठवलं की आपण सासूशी बोलतोय, आणि तो थांबला. "पहिल्या दिवशी बिअरचा घोट घेतला, तर कापूस चावल्यासारखं वाटलं. त्यानंतर ग्लास तोंडाला लावला नाही. नाक गेलेल्या माणसाने बिअर करणं म्हणजे डोळे बांधून दाढी करणं. तीही दुसऱ्याची."

"चिमीला सांगितलं?"

"काय सांगू? माझ्या नाकाच्या भरवशावर तिने नोकरी सोडली."

मग त्याने उरलेलंही सांगून टाकलं. कोपऱ्यावरच्या पबच्या मालकिणीने, जिला सगळे कॅप्टन म्हणत, त्याच्याकडे चॉकलेटची स्टाउट मागितली होती. काळी, भाजक्या माल्टची, थंडीत पिण्यासारखी. जमली तर तिच्या पबमधल्या बिअरच्या नळावर कायमची जागा. ती पुढच्या शनिवारी चाखायला येणार होती. "नाही जमली, तर मी हे बंद करतो आणि दादाच्या टाइल्सच्या दुकानात जातो. तो कधीचा बोलावतोय. टाइल्सना वास नसतो."

"टाइल्स? तुम्ही?" काकू म्हणाल्या. "परवा न्हाणीघरात एक बसवलीत, ती अजून डुगडुगते."

जावई हसला. तापानंतर पहिल्यांदाच. ते हसू मावळायच्या आत काकू म्हणाल्या, "नाक माझं घ्या. जीभही घ्या. कितीतरी दिवस नुसती मटार सोलायला लावलीय तिला."

"आणि चिमीला...?"

"अळीमिळी गुपचिळी," काकू म्हणाल्या, आणि जळका कोको फेकून दुसरा भाजायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चिमी बाहेर पडताच काकू आपला मग घेऊन खाली उतरल्या. जावयाने टाकीच्या नळातून ग्लास भरला. बिअर काळीभोर होती आणि वरचा फेस भाजलेल्या बदामाच्या रंगाचा. काकूंनी ग्लास उजेडात धरला, तर कडेला लालसर झाक दिसली.

"रंग झकास. आमच्या कारागिरांच्या बुटांना अशी चमक असायची."

"चव बघा आई."

इथे एक अडचण उभी राहिली. काकूंनी हजारदा लोकांसमोर मगात थुंकलं होतं. पण ते बेकरीत, कामावरच्या माणसांसमोर. जावयासमोर थुंकायचं म्हणजे काहीतरीच. ग्लास एका हातात, एनॅमलचा मग दुसऱ्या हातात, अशा त्या क्षणभर घुटमळल्या आणि मग मोठ्या टाकीच्या मागे गेल्या. जावयाला वाटलं, सासूबाईंना आपल्यासमोर बिअर प्यायचा संकोच वाटतोय. त्यानेही भला माणूस म्हणून तोंड भिंतीकडे केलं. टाकीमागून चूळ भरल्याचा आवाज आला, तेव्हा त्याला वाटलं, वाईट लागली असेल बिचाऱ्यांना. दोघांनीही एकमेकांची अब्रू राखली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

"हं," तोंड पुसत काकू बाहेर आल्या. "आधी भाजक्या पावाची कड. मग कोको आहे, पण शेजारच्या घरात शिजत असल्यासारखा. मग गोड."

"आणि कडू?"

"नावाला."

"शेवट कसा होतो? घोट संपल्यावर काय राहतं?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "काहीच नाही. गोष्ट सांगता सांगता माणूस उठून निघून जावा, तसं."

जावयाचा चेहरा पडला. नेहमीच्या अंदाजाने त्याने हॉप्स पुरेसे घातले होते. पण आता अंदाजाचा काय भरवसा, असं त्याला वाटलं; नाक गेलं त्याबरोबर हातही गेला असेल. त्याने पातेलंभर पाण्यात हॉप्स उकळून त्याचा दाट काढा केला आणि टाकीत सोडला. काकूंनी भाजलेला नवा कोको कापडी पिशवीत बांधून बिअरमध्ये सोडला. त्यांनी भाजलेला कोको असा होता की गल्लीतून जाणारी माणसं दारापाशी रेंगाळत.

पुढच्या खेपेला टाकीमागून निकाल आला, "कोको आता घरात आला. चांगला ऐसपैस बसलाय. पण शेवट नाही."

पुन्हा काढा.

"अजून नाही?"

"जरासा. उंबऱ्यावर आलाय."

"आई," जावई हात टेकत म्हणाला, "इतक्या हॉप्सने एव्हाना घोड्याचंसुद्धा तोंड वाकडं व्हायला हवं होतं."

"घोड्याचं मला माहीत नाही. माझी जीभ कधी खोटं बोललेली नाही."

आणि पुन्हा काढा.

ते दिवस काकूंना फार गोड गेले. सकाळी उठल्यावर आज आपलं काय काम, हा प्रश्न उरला नव्हता. जिना उतरताना गुडघे कुरकुरायचे, पण कुरकुर ऐकायला काकूंना वेळ नव्हता. खाली ओल्या फरशीवर उजेड पडलेला असे, टाक्या आपल्याशीच हळू आवाजात गुरगुरत असत, आणि कोणीतरी त्यांच्या जिभेवर काय उमटतंय याची वाट बघत उभं असे. वाट बघणारं माणूस समोर असलं की वय कुठेतरी बाजूला जाऊन बसतं, हे त्यांना नव्याने कळत होतं.

कॅप्टन यायच्या दोन दिवस आधी जावयाने चिमीला हाक मारली. ती हात पुसत आली, स्टुलावर बसली, पदर असल्यासारखा ॲप्रन सावरला आणि म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय. वाढा."

तिने वास घेतला. "अरे वा!" डोळे मिटले. "हा कोको काय सुंदर भाजलास रे!"

टाकीशेजारी उभ्या काकूंची मान आपोआप ताठ झाली.

मग चिमीने मोठा घोट घेतला. क्षणभर ती खूश दिसली. मग तिच्या भुवया जवळ आल्या, मग एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि मग ती स्टुलावरून उडी मारून नळाकडे धावली.

"अगं आई गं! काय आहे हे? रस्त्यावर ओततात ते?"

"काहीतरी बोलू नकोस," काकू एकदम म्हणाल्या. "सकाळीच चाखलीय मी. चांगली गोड आहे."

आणि त्यांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. चिमी ओल्या तोंडाने सावकाश वळली.

"तू चाखलीस? तू? भिजलं पोतं?"

काकूंनी जावयाकडे बघितलं. जावयाने नळाकडे बघितलं. मग त्याने सगळं सांगितलं: ताप, कापूस, फिनेल, काढा. चिमी ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग कडक झाला.

"म्हणजे मी नवा साबण आणला, रोज विचारत होते वास आवडला का, आणि तू रोज म्हणत होतास, छान आहे!"

"छानच असणार, म्हणून म्हणालो."

"गप्प बस. आणि आई, तू? लोकांच्या घरी सासू-जावई एकमेकांशी मोजून चार शब्द बोलतात. माझ्या घरी दोघं मिळून टाकीमागे कारस्थानं करताय!" तिने बाहीने डोळे पुसले. "नाक गेलं त्याचं मला काही नाही. मला सोडून दोघांनी ठरवलंत, त्याचा राग आलाय."

टाकी गुरगुरली.

"आणि ही गोड?" चिमीने ग्लास काकूंच्या हातात दिला. "पी. माझ्यासमोर पी, आणि परत म्हण गोड."

काकूंनी घोट घेतला, सवयीने जिभेवर फिरवला, गालात घोळवला आणि एनॅमलचा मग उचलला.

"हे काय करतेस?"

काकूंनी मगात टाकलं, चूळ भरली आणि शांतपणे म्हणाल्या, "काय करते म्हणजे? चाखते."

"थुंकून?"

"मग? चाखताना कोणी गिळतं का?"

जावई हळूहळू क्रेटवरून उठला. "आई, तुम्ही टाकीमागे जाऊन रोज... थुंकत होतात?"

"तुमच्यासमोर कशी थुंकणार हो? बरं दिसतं का ते?"

"मला वाटलं, माझ्यासमोर प्यायला लाजताय!" त्याने कपाळावर हात मारला. "आई, चॉकलेटची गोष्ट जिभेवर संपते. बिअरची घशात संपते! कडूपणा गिळताना येतो, गिळल्यावर राहतो. तुम्ही शेवटच्या पानाआधी पुस्तक मिटत होतात, आणि मी नवीन पानं लिहीत सुटलो होतो!"

काकूंना ते पटेना. त्यांनी पुन्हा घोट घेतला, आणि या वेळी, दोघांकडे एकेकदा बघून, गिळला.

आधी पावाची कड आली. कोको आला. गोडवा आला. काकू विजयाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात घशाच्या तोंडाशी दार उघडल्यासारखं झालं आणि सगळा काढा एकदम आत शिरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत कडू झालं. चूळ भरली तरी ते हलेना. आलेला पाहुणा पाय पसरून बसावा तसं बसून राहिलं.

"अगं बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "हा इथे दबा धरून बसला होता होय!"

चिमीला हसू आलं. ते तिला नको होतं, म्हणून तिने तोंड फिरवलं, पण खांदे हलायचे ते हललेच. काकूही हसायला लागल्या. जावई मात्र पुन्हा क्रेटवर बसला. अख्खी टाकी हातची गेली होती आणि शनिवार समोर उभा होता.

"दादाला फोन करतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघी हसा. माझ्याने हे नाही व्हायचं आता. स्वतःला जे लागत नाही ते लोकांच्या गळ्यात उतरवायचं, हे बरोबर नाही."

"फोन नंतर," चिमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आधी पी. आम्ही दोघींनी भोगलंय. शिक्षा सगळ्यांना सारखी."

"मला कापूस लागतो गं."

"मग तुझं काय जातंय? कापूस समजून पी."

त्याने ग्लास घेतला. काळ्या बिअरकडे तो असा बघत होता, जणू ती आपल्याला ओळख देणार नाही याची त्याला खात्रीच होती. मग त्याने मोठा घोट घेतला आणि गिळला.

काही झालं नाही. तो ग्लास खाली ठेवायला लागला. आणि अर्ध्यावर त्याचा हात थांबला.

"कडू," तो म्हणाला.

"काय?"

"कडू आहे." त्याने घाईघाईने दुसरा घोट घेतला. "चिमे, कडू आहे! भयंकर कडू आहे! शी! काय घाणेरडी बिअर आहे ही!" आणि तिचे दोन्ही खांदे धरून तो तिला गदागदा हलवायला लागला. आपलीच बिअर इतकी वाईट आहे म्हणून इतका आनंदलेला माणूस काकूंनी आजवर पाहिला नव्हता.

काकूंनी जिना चढून साखर, मीठ आणि व्हिनेगर आणलं. जावयाने डोळे मिटून एकेक चमचा तोंडात घेतला. गोड. खारट. आंबट. सगळं ओळखलं. फक्त व्हिनेगर की लिंबू, ते त्याला सांगता येईना, कारण ते नाक सांगतं. जीभ शाबूत होती. वासाशिवाय एकटी पडली होती, आणि एकटी आहे म्हणून तो तिला मेलेलीच समजून बसला होता.

"इतके दिवस तू तिला कामच दिलं नाहीस," चिमी म्हणाली.

"भीती वाटली," तो म्हणाला. "पुन्हा कापूस लागला असता तर?"

चिमीचा राग तिथे बराचसा गेला. उरलेला तिने दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरवून वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघं कामाला लागले. शेजारच्या टाकीत एक साधी, मऊ, तपकिरी बिअर होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली, जवळजवळ कडू नसलेली. ती चिमीने काळीत मिसळायला काळजावर दगड ठेवून दिली. तीन क्रेट उलटे टाकून मध्ये वाट्या, ग्लास आणि मोठी किटली मांडली. थोडी काळी, थोडी तपकिरी. चाखायचं, मापं बदलायची, परत चाखायचं. आता प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. कडू आणि गोड जावयाचं. वास काकूंचा. आणि शेवटी, हे विकत घ्यावंसं वाटतं का, ते चिमीचं.

"जास्त कडू," जावई म्हणायचा.

"कोको पळाला," काकू म्हणायच्या. "काळी वाढवा."

"वाढवली तर कडू होते, आई."

"मग कोको तरी वाढवा. मी भाजून पिशवीत बांधून ठेवलाय."

"मी गिऱ्हाईक असते तर एव्हाना उठून गेले असते," चिमी म्हणायची.

काकू प्रत्येक वेळी गिळत होत्या. इमानदारीने, पूर्ण. दुपारपर्यंत त्यांचे गाल लाल झाले आणि त्या टाकीला 'अहो' म्हणायला लागल्या. जेवायच्या आधी एक ग्लास असा आला की जावई गप्प राहिला, काकूही गप्प राहिल्या, आणि चिमीने न बोलता दुसऱ्यांदा उचलला. कोको आधी आला, मागून भाजका पाव, आणि घशाशी कडूपणा हलकेच टेकून निघून गेला. उठताना पाहुण्याने दारात वळून हसावं इतपतच. काकूंना मनात म्हणावं लागलं, हे पोत्याचं पाणी नाही.

शनिवारी कॅप्टन आल्या. आडव्या अंगाच्या, आखूड पांढरे केस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. स्टुलाला नकार देऊन त्या उभ्यानेच प्यायल्या. त्यांचा अर्धा ग्लास होईपर्यंत जावयाने एक कोरडा ग्लास तीनदा पुसला.

"हवी मला," त्या म्हणाल्या. "नळावर लावते. पण फळ्यावर काय लिहू? लोक विचारतात. वास कसला येतो, तुमच्याच तोंडून सांगा. तुम्ही छान सांगता."

जावयाला काहीही ठोकून देता आलं असतं. चार-पाच ठरलेले शब्द त्याला तोंडपाठ होते. त्याने चिमीकडे बघितलं. ती काही सुचवत नव्हती, नुसती बघत होती.

"कडू आणि गोड माझ्या हिशेबात आहे, ते छातीठोक सांगतो," तो म्हणाला. "पण वास मला येत नाही. तापापासून येत नाही. तो या आईंनी बघितलाय. त्यांना विचारा."

कॅप्टननी ग्लास खाली ठेवला. "येत नाही म्हणजे? अजिबात?"

"अजिबात."

"आणि ही तुम्ही केलीत?"

"तिघांनी केली."

कॅप्टननी त्याच्याकडे बघितलं, मग उरलेल्या बिअरकडे, आणि मग ती संपवून टाकली. "बरं," त्या काकूंकडे वळल्या. "तुम्ही सांगा मग."

काकूंनी ग्लास हातात घेतला. टाकीमागे जायचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. सगळ्यांसमोर त्यांनी घोट घेतला आणि गिळला.

"थंडीच्या सकाळी बेकरीचं मागचं दार उघडावं," त्या म्हणाल्या, "आणि आत कोणीतरी आपल्या आधी येऊन कामाला लागलेलं असावं. तसा."

कॅप्टन खिशात खडू शोधल्यासारखा हात घालून म्हणाल्या, "एवढं फळ्यावर मावणार नाही. पण बघते." मग दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "पुढच्या महिन्यात कॉफीची जमेल?"

"जमेल," जावई म्हणाला.

"आधी कॉफी कुठली ते बघू," काकू म्हणाल्या.

"आणि त्याबद्दल जे काय बोलायचं," चिमी दोघांच्या मध्ये क्रेट ओढून बसत म्हणाली, "ते इथे, माझ्यासमोर."